डीनसाहेबांचं तिसरं 'नको'

'विद्यापीठात होते' असं सांगितलं की पुण्यातले नातेवाईक लगेच विचारतात, काय शिकवायचीस? मी काही शिकवत नव्हते. मी दार सांभाळत होते. अल ऐनच्या एका विद्यापीठात शेती महाविद्यालय आहे, त्याच्या डीनच्या खोलीबाहेर एक टेबल आहे आणि त्या टेबलामागे माझं नोकरीचं बहुतेक आयुष्य गेलं. डीन येत गेले, जात गेले, टेबल तेच राहिलं. त्यामुळे महाविद्यालय मीच चालवते असा माझा समज होता आणि तो खोडून काढायला कोणाला वेळ नव्हता.

सेक्रेटरी म्हणजे फोन घेणं आणि टाइप करणं असं बाहेरच्यांना वाटतं. ते काय, हल्ली कॉम्प्युटरही करतो. खरं काम वेगळं. आलेल्या माणसाला किती वेळ बाहेर बसवायचं, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. तावातावाने आलेल्या प्राध्यापकाला लगेच आत सोडलं तर भांडण होतं. त्याला गहवा, म्हणजे इथली वेलदोड्याची कडवट कॉफी, पाजून जरा बसवलं की अर्धं भांडण माझ्यासमोरच ओतून होतं आणि उरलेलं आत जातं. उलट रडत आलेल्या मुलीला क्षणभरही थांबवायचं नाही, मग आत कोणीही बसलेलं असो. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

गिऱ्हाइकंही एकेक भारी. एक गृहस्थ वाळवंटातल्या शेतावरून नापास झालेल्या मुलाला घेऊन आले, आणि पिकअपमध्ये डीनसाठी भेट म्हणून जिवंत बकरी. मुलाचं काम मी फेरतपासणीच्या अर्जावर निभावलं, पण बकरी परत पाठवताना गेटवरचा सिक्युरिटीवाला अडून बसला, आत आलेल्या प्रत्येकाची बाहेर जाण्याची नोंद लागते म्हणून. मी बकरीचा पास बनवून दिला. भेटीचं कारण या रकान्यात 'शैक्षणिक' असं लिहिलं.

पण आज सांगायचं आहे ते डॉक्टर बोहुमिल यांच्याबद्दल. माझ्या सगळ्या डीनमध्ये हा एकच राजकारणात गेला, आणि जाता जाता जवळजवळ राहिलाच होता, तो आमच्या चांगल्या वळणामुळे.

डॉक्टर चेक प्रजासत्ताकातले. मातीचे शास्त्रज्ञ. झाडाच्या मुळांभोवती एक बुरशी राहते आणि ती झाडाला पाणी मिळवून देते, हा त्यांचा विषय. तिकडे एका संशोधन संस्थेचे संचालक होते. खाऱ्या जमिनीतल्या खजुरांवर काम करायला मिळेल म्हणून इकडे डीन होऊन आले. आडनावात स्वर शोधावा लागे, त्यामुळे इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे नुसतं डॉक्टर बोहुमिल म्हणत. उंच, उन्हाने लालभडक झालेले, आणि बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. काही विचारलं की हो तरी म्हणत, नाही तरी म्हणत, आणि दोन्ही खरं असे. असा माणूस मी ऑफिसात पूर्वी पाहिला नव्हता आणि मला त्याची काळजी वाटू लागली.

ती खरी ठरायला वेळ लागला नाही. एक वयस्कर अमिराती शेतकरी जमिनीचा नमुना दाखवायला आले होते. त्यांच्या हातात उंट हाकायची बारीक, तुळतुळीत काठी होती. डॉक्टरांनी तिचं मनापासून कौतुक केलं. त्याबरोबर म्हाताऱ्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली आणि 'तुमचीच समजा' म्हणाले. डॉक्टरांनी 'थँक यू' म्हणून घेतली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. म्हातारे रिकाम्या हातांनी बाहेर आले तेव्हा त्यांना चालताना काय धरावं ते सुचत नव्हतं. ती काठी त्यांच्या वडिलांची होती.

ती परत करायला मी आणि अबू सैफ गेलो. अबू सैफ हे आमच्या प्रशासन विभागाचे प्रमुख. सैफ त्यांचा थोरला मुलगा, आणि थोरल्याच्या नावाने हाक मारायची इथली पद्धत, म्हणून मी त्यांची 'उम्म ऋता', ऋताची आई. आमचं बोलणं हिंदीत चाले, कारण त्यांची हिंदी माझ्या अरबीपेक्षा कितीतरी बरी. परत येताना ते म्हणाले की डॉक्टरांना कोणीतरी वळण लावायला हवं. मग ते काम आपोआप माझ्याकडे आलं, कारण 'कोणीतरी' म्हणजे कोण हे आमच्या ऑफिसात ठरलेलं होतं.

मी डॉक्टरांना समोर बसवून सांगितलं, "आमच्याकडे काय आणि यांच्याकडे काय, पहिलं 'नको' शिष्टाचाराचं असतं. दुसरं मायेचं. तिसरं खरं. तोवर समोरच्याने आग्रह करत राहायचं."

त्यांनी शास्त्रज्ञाचा प्रश्न विचारला, "आणि त्याने आग्रह केलाच नाही तर?"

"असं होत नाही," मी म्हटलं.

शास्त्रज्ञाला एकदा नियम सापडला की तो पाळण्यात कुचराई करत नाही. वर्ष-दोन वर्षांत डॉक्टर असे तयार झाले की आम्हीच मागे पडलो. दारातून आधी कोणी जायचं यावरून त्यांचा आणि अबू सैफ यांचा एकदा लिफ्टसमोर इतका वेळ आग्रह चालला की लिफ्ट रिकामीच वर निघून गेली. आमच्या घरी गणपतीत जेवायला आले तेव्हा मोदकाला दोनदा 'नको' म्हणाले, टेबलाखाली बोटं मोजत. माझा नवरा श्रीकांत आग्रहाच्या बाबतीत पक्का सांगलीकर, त्याने तिसऱ्यांदा विचारायच्या आधी मुद्दाम थोडा वेळ घेतला. डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या काळात महाविद्यालयाचं चांगलंच चाललं. डॉक्टर भेटायला आलेल्याला आधी घरच्यांची खुशाली विचारत, कॉफीचा कप संपेपर्यंत कामाचा विषय काढत नसत. शेतकरी नुसते बसायला म्हणून यायला लागले. मला अभिमान वाटायचा. हा माणूस मी घडवला, असं मी श्रीकांतला ऐकवत असे, आणि तो म्हणे, बकरीचा पास पण तूच बनवला होतास.

डॉक्टर दर उन्हाळ्यात आपल्या गावी जात. डोंगरातलं छोटं गाव, सगळीकडे सूचीपर्णी झाडांचं जंगल. एका वर्षी परत आले ते गप्प. जंगल वाळत चाललं होतं. पाऊस कमी, जमीन कोरडी, त्यात खोडाची साल पोखरणारा किडा. डोंगरचे डोंगर तपकिरी झाले होते. हे असं होणार हे त्यांनी संस्थेचे संचालक असताना सरकारला लिहून दिलं होतं. अहवालाचं मुखपृष्ठ फार सुंदर आहे, एवढी एक प्रतिक्रिया आली होती.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या लोकांनी त्यांना गळ घालायला सुरुवात केली. तिकडच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक येत होती. एक स्थानिक गट होता, त्याच्या अध्यक्ष हाना नावाच्या निवृत्त शाळामास्तरीणबाई. जंगलाचं कळणारा, जमिनीचं कळणारा माणूस त्यांना उमेदवार म्हणून हवा होता. अजून उघड विचारलं नव्हतं, पण महिन्याभरात नाव ठरणार होतं आणि बाई कधीही फोन करतील अशी चिन्हं होती.

डॉक्टरांना ती उमेदवारी हवी होती. किती हवी होती ते मला माहीत आहे, कारण ते प्रयोगाच्या बागेत खजुराच्या झाडांसमोर भाषणाची तालीम करायचे आणि मी छत्री घेऊन मतदार म्हणून उभी असायचे. मी विचारलं, जंगल परत येईल का? ते म्हणाले, येईल, पण आपल्यापैकी कोणी बघायला नसेल. मी म्हटलं, डॉक्टर, असं म्हटलंत तर कोण मत देईल? ते म्हणाले, पण ते खरं आहे.

एका शनिवारी मी त्यांना आणि अबू सैफ यांना जेवायला बोलावलं. दुबई मरीनाहून ऋताही आली होती. ती तिथे एका सल्लागार कंपनीत नोकरी करते आणि आमच्याकडे आली की आधी झोपते, मग जेवते, मग मतं देते. मसालेभात झाल्यावर डॉक्टरांनी विषय काढला. हानाबाईंचा फोन आला तर काय उत्तर द्यावं?

"पहले बोलो नहीं," अबू सैफ म्हणाले. "जो कुर्सी माँगता है, लोग बोलते हैं ये भूखा है. दो बार, तीन बार पूछेंगे, फिर बोलो ठीक है, आपके लिए. खलास."

मला ते शंभर टक्के पटलं. श्रीकांतला पटलं. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष तरी दुसरं काय करतात? 'मला या वर्षी माफ करा' म्हणून खुर्चीला हात जोडतात आणि सगळ्यांनी ओढून बसवल्यावर बसतात. लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं आणि वर एक पापड वाढला.

ऋता फोनमधून मान वर करून म्हणाली, "बट मम्मा, डझ ही वॉन्ट इट ऑर नॉट?"

मी तिच्याही पानात पापड वाढला. इथे वाढलेल्या मुलांना काही गोष्टी कळत नाहीत, असं आम्ही धरून चाललो.

फोन आठवड्याभरात आला. डॉक्टरांनी नम्रपणे सांगितलं की माझ्यापेक्षा योग्य माणसं गावात आहेत. बाई म्हणाल्या, असं का, पुन्हा एकदा विचार करा. दोन दिवसांनी पुन्हा फोन. डॉक्टर म्हणाले, नको, मी इतकी वर्षं बाहेर आहे. बाई म्हणाल्या, बरं. दुसरं 'नको' झालं म्हणून आम्ही खुशीत होतो. तिसऱ्या फोनची वाट बघत मी त्यांच्या दुपारच्या भेटी पुढे ढकलल्या होत्या.

तो फोन आला आणि मिनिटभरात संपला. डॉक्टर खोलीबाहेर येऊन माझ्या टेबलासमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. ते तिथे कधीच बसत नसत.

"मिसेस मंजिरी," ते म्हणाले, "तिने आग्रह केलाच नाही."

बाईंनी फक्त आभार मानायला फोन केला होता. तुमचा निर्णय आम्ही समजू शकतो, तुम्हाला आणखी त्रास देणार नाही. आता आम्ही गावातल्या दंतवैद्यबाईंना विचारलं आहे आणि त्या लगेच हो म्हणाल्या. बस. तिकडे नाही म्हणजे नाही. हे डॉक्टर जन्मापासून जाणत होते, पण इतक्या वर्षांत आम्ही त्यांना इतकं छान शिकवलं होतं की आपण कोणाशी बोलतोय हेच ते विसरले.

ऑफिसवर सुतकी कळा आली. अबू सैफ धावत आले. त्यांचा उपाय ठरलेला होता, मधे एखादा वजनदार माणूस घालायचा. ते स्वतः विमानाने जाऊन बाईंशी बोलायला तयार होते, खजुराची पेटी घेऊन. मी म्हटलं, आपण पत्र लिहू, आधीचं उत्तर गैरसमजातून गेलं असं. डॉक्टर दोन्हीला मान हलवत राहिले. मला पहिल्यांदाच त्यांच्या दाराबाहेर बसून सुचेनासं झालं.

शेवटी मी ऋताला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आईला मुलीचा सल्ला घ्यावा लागतो तेव्हा तो निदान सगळ्यांसमोर घ्यावा. ती कामात होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अंकल, जस्ट गो देअर अँड से यू वॉन्ट इट. दॅट्स ऑल."

डॉक्टर म्हणाले की हे वाक्य आपण आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. संस्थेला हवं आहे, महाविद्यालयाला हवं आहे, विज्ञानाची गरज आहे, असं ते नेहमी म्हणत आले. संचालक म्हणून म्हणाले, डीन म्हणून म्हणाले. मला हवं आहे, असं म्हणायला त्यांना लाज वाटत होती. मी त्यांना सांगितलं की मलाही वाटते, पण मला गावी निवडणूक लढवायची नाही.

गटाची बैठक त्याच रविवारी होती. आता माझं खातं सुरू झालं. प्रवेशाच्या हंगामात डीनला देशाबाहेर काढणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाला बाजारात पाठवण्यासारखं. मी कुलगुरूंच्या सेक्रेटरीला फोन केला, ती माझी जुनी मैत्रीण. परीक्षा मंडळाची बैठक पुढे नेली, दोन पालकांना आधी बोलावून मीच अर्धं ऐकून घेतलं, उपडीनना सांगितलं की सह्या तुम्ही करणार आहात आणि तुम्हाला ते मान्य आहे. तिकिटाचा आकडा दिरहॅममध्ये ऐकून श्रीकांतने सवयीने तो रुपयांत करून मोठ्याने सांगितला, पण तिकीट डॉक्टर स्वतःच्या खिशातून काढणार होते. शुक्रवारी दुपारी ते निघाले. अबू सैफ यांनी खजुराची पेटी दिलीच.

पुढचं त्यांनी आम्हाला परत आल्यावर सांगितलं. बैठक गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. डॉक्टर मागच्या बाकावर बसले. दंतवैद्यबाईंचं नाव पुकारायच्या आधी ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं. ते खोटं होतं. मला हे हवं आहे." मग खाली बसले. हॉलमध्ये कोणाला काही कळेना. मागून एकाने विचारलं की मग नाही कशाला म्हणालात? डॉक्टरांनी काठीपासून मोदकांपर्यंत सगळी गोष्ट सांगितली. लोक हसले. हानाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी वर्गात मुलांना एकदाच विचारायचे.

दंतवैद्यबाईही सरळ होत्या. त्या म्हणाल्या, मलाही हवं आहे आणि मी पहिल्यांदाच सांगितलं होतं. तेव्हा मतदान घ्या. मतदान झालं. डॉक्टर थोडक्यात जिंकले, हात वर करून मोजायचं होतं त्यामुळे कोण कुठे होतं ते सगळ्यांनी पाहिलं. दंतवैद्यबाईंनी हात मिळवला. पुढे प्रचारात त्यांनी आपल्या दवाखान्यात डॉक्टरांचं पत्रक लावलं. खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस वाद घालू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टरांनी राजीनामा दिला तेव्हा मी खोलीत जाऊन त्यांच्याशी भांडले. हे मी लपवणार नाही. खजुरांचा प्रयोग अर्धवट होता, मुळं आत्ता कुठे धरायला लागली होती, आणि ते सगळं सोडून हा माणूस भाषणं करायला निघाला होता. चांगले पुढारी मिळतील, असा मातीचा माणूस कुठून आणायचा? ते म्हणाले, प्रयोग विद्यार्थी पूर्ण करतील, मीच त्यांना शिकवलंय. ते खरंही झालं, प्रयोग चांगला पार पडला. पण शेवटचं मोजमाप झालं तेव्हा बागेत त्यांची उंच आकृती नव्हती, याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. विद्यापीठातून चांगला माणूस उठून गेला की ती खुर्ची भरते, जागा भरत नाही.

प्रचाराच्या बातम्या व्हिडिओ कॉलवर मिळत. तिकडचे उमेदवार दारात उभे राहून पत्रक देतात आणि पुढच्या घरी जातात. आमचे डॉक्टर आत जाऊन बसायचे. म्हाताऱ्यांची खुशाली विचारायचे, कोंबड्यांची विचारायचे, कॉफी संपेपर्यंत मताचं नाव काढायचे नाहीत. सहकारी वैतागले, एका दिवसात गल्लीसुद्धा होत नाही म्हणून. पण लोक बोलायला लागले की हा बसतो. जंगलाचं मात्र ते प्रत्येक घरात खरं तेच सांगत, आपल्यापैकी कोणी बघायला नसेल. मला वाटलं होतं याने मतं जातील. एका आजीबाईंनी त्यांना म्हटलं की एवढं तरी कोणी सांगितलं का आजवर?

निवडणूक दोन फेऱ्यांत झाली. पहिल्या फेरीत ते दुसरे होते आणि आमच्या घरी कोणाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या फेरीचा निकाल शनिवारी संध्याकाळी लागला आणि ऋता, जी आमच्याशी कधी मराठीत बोलत नाही, फोनवर ओरडली, "आई, अंकल जिंकले."

शपथविधी मी ऑफिसच्या स्क्रीनवर पाहिला. निवृत्त व्हायला थोडेच दिवस उरले होते, मला कोण काय म्हणणार. अबू सैफ शेजारी खुर्ची ओढून बसले. तिकडची पद्धत अशी की शपथेचा मजकूर एकदा सगळ्यांसाठी मोठ्याने वाचतात, मग एकेकाचं नाव घेतात. ज्याचं नाव येईल त्याने पुढे जायचं, हात मिळवायचा आणि एकच शब्द म्हणायचा, वचन देतो अशा अर्थाचा. लोक शांतपणे चालत जात होते, हळू आवाजात म्हणत होते. मला भाषा कळत नव्हती, पण हा शब्द तोवर पाठ झाला होता.

मग ते स्वर नसलेलं आडनाव आलं. डॉक्टर जागेवरून उठले आणि उठता उठताच, अजून पाऊलही टाकलं नव्हतं, तो शब्द खणखणीत म्हणून मोकळे झाले. अख्खं सभागृह हसलं. त्यांना पुढे जाऊन तो परत म्हणावा लागला. ते लालभडक झाले होते, अल ऐनच्या उन्हातही इतके कधी झाले नव्हते.

"क्या बोला?" अबू सैफ यांनी विचारलं.

"हाँ बोला."

"पहली बार में?"

"पहली बार में," मी म्हटलं, आणि डोळे पुसायला टिश्यूचा बॉक्स शोधू लागले. तो मी नेहमी पाहुण्यांच्या बाजूला ठेवत असे.